हेवी लायसन काढता, पण गाडी कोण शिकवणार?

धानाची मळणी उरकली, चुकारे हाती आले की आमच्या चामोर्शी तालुक्यात अलीकडे एक नवाच प्रश्न कानावर येतो. पूर्वी कास्तकार विचारायचा, साहेब, उन्हाळी धान घेऊ का मका? आता विचारतो, "साहेब, पोट्ट्याले हेवी लायसन काढून द्याचं हाये. कोन्त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये टाकू?" मी कृषी विस्तार अधिकारी. खोडकिडा, करपा, गादमाशी हे माझे विषय. पण एकाच महिन्यात सात-आठ बाप हाच प्रश्न घेऊन आले, तेव्हा कायदा आणि नियम वाचून काढले. त्यातले तुमच्या कामाचे तेवढे इथे मांडतो.

हा प्रश्न आला कुठून, ते तुम्हाला सांगायला नको. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या पहाडावर लोहखनिज आहे. डिसेंबर २०१६ मध्ये तिथे नक्षलवाद्यांनी पाऊणशेच्या वर गाड्या जाळल्या, काम बंद पडले. २०२१ पासून खाण पुन्हा जोरात सुरू झाली. इकडे आपल्याच तालुक्यात कोनसरीला मे २०१७ मध्ये कारखान्याचे भूमिपूजन झाले आणि आज तिथे भट्ट्या पेटल्या आहेत. एटापल्ली-आलापल्ली-आष्टी या रस्त्यावर हायवांची रांग लागली. ज्या रस्त्याने आपण मार्कंड्याच्या जत्रेला बंडी नेत होतो, तिथे आता धुळीतून वाट काढावी लागते. रांग दिसली की पोराला वाटणारच, एवढ्या गाड्या, म्हणजे एवढे ड्रायव्हर लागणार.

हा हिशेब अर्धाच बरोबर आहे.

जुलै २०२५ मध्ये हेडरीपासून कोनसरीपर्यंत ८५ किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली. खनिज दळायचे, पाण्यात कालवायचे आणि नळातून थेट कारखान्यात ढकलायचे, अशी ती योजना. तिची क्षमता वर्षाला १ कोटी टनांची. आता बोटांवर मोजा. एका गाडीत २५ टन माल धरला तर १ कोटी टनाला ४ लाख खेपा होतात, म्हणजे दिवसाला हजाराच्या वर. पाइपलाइन पूर्ण ताकदीने चालली तर एवढ्या खेपा रस्त्यावरून उठतील. धुळीने कापूस आणि धान काळवंडलेल्या शेतकऱ्याला हे बरेच आहे, मीही त्यातलाच. पण ज्याने पोराला फक्त खाण ते कारखाना हायवा हाकायला तयार करायचे ठरवले आहे, त्याने थांबून विचार करावा. आणखी एक. काहींनी शेती गहाण टाकून फायनान्सवर गाडी घेतली आहे आणि ती याच खेपांच्या भरवशावर. त्यांनी तर जास्तच.

मग ड्रायव्हर लागणार नाहीत का? लागतील, पण दुसऱ्या तऱ्हेचे. कारखान्याला कोळसा बाहेरून यावा लागतो आणि तयार माल बाहेर जावा लागतो. देसाईगंज वडसा ते गडचिरोली ही रेल्वे व्हायची आहे, आणि झाली तरी ती कोनसरीच्या फाटकात येऊन उभी राहणार नाही. शिवाय खत, सिमेंट, गिरणीचा तांदूळ आहेच. हे काम लांब पल्ल्याचे असते. रात्रीचे चालवणे, परराज्यातला रस्ता, मालाचे कागद, टायर-ब्रेकची देखभाल, दोनशे गाड्यांच्या तळावर मागे घेऊन गाडी लावणे. पन्नास किलोमीटरची एकच वाट दहा वेळा तुडवणाऱ्याला हे आपोआप येत नाही. म्हणून शाळा कोणती, या प्रश्नाला मी आता पूर्वीपेक्षा जास्त वजन देतो.

माझ्या हद्दीतल्या एका गावची गोष्ट सांगतो. गावाचे आणि शाळेचे नाव घेत नाही. धानाचा बोनस हेक्टरी २० हजार, दोन हेक्टरपर्यंत, असा मिळाला तेव्हा एका कास्तकाराने तो जवळपास सगळा मुलाच्या हेवी लायसनसाठी भरला. शाळेने "सगळं आमच्याकडे लागलं" म्हणून कागद घेतले. पोराला जीपवर चार दिवस फिरवले. ट्रकच्या कॅबिनमध्ये इतर तिघांसोबत बसवले, स्टेअरिंग हातात आले ते दोनदा, मोकळ्या मैदानात. लायसन मात्र आले. ठेकेदाराकडे कामाला गेला, तर मुकादम म्हणाला, भरलेली गाडी मागे घेऊन काट्यावर लाव. पोराने गाडी आडवी केली. त्या दिवसापासून तो त्याच गाडीवर खलासी आहे. बाप मला म्हणाला, "लायसन खरं हाये साहेब, पोरगंच खोटं निघालं." मी म्हटले, पोरगं खोटं नाही, त्याला शिकवलंच नाही.

यात नुसता पैसा जात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आरमोरी-गडचिरोली रस्त्यावर काटलीजवळ पहाटे व्यायामाला निघालेल्या शाळकरी मुलांवर ट्रक गेला, चार मुले दगावली. चूक कशी झाली ते न्यायालय पाहील. पण आपल्या रस्त्यांच्या कडेने पहाटे मुले धावतात, संध्याकाळी गुरे परततात, रोवणीच्या दिवसांत बाया ओळीने चालतात. त्या रस्त्यावर कच्चा ड्रायव्हर उतरवणे म्हणजे काय, ते समजायला पुस्तक लागत नाही.

आता कायद्याचे. मोटार वाहन कायदा १९८८ सांगतो की २० वर्षांखालच्याने मालवाहू किंवा भाड्याची गाडी चालवायची नाही. आणि हेवीचे शिकाऊ लायसन मिळायला आधी हलक्या चारचाकीचे पक्के लायसन निदान १ वर्ष जुने असावे लागते. म्हणजे आज ज्याच्या खिशात काहीच नाही त्याला कोणी "तीन महिन्यांत हेवी" म्हणाला, तर तो माणूस खोटे बोलतो किंवा खोटे कागद करतो. पोरगा १८ चा झाला की हलकीचे काढून ठेवा, २० पर्यंत हात बसतो. शिकाऊ लायसन ६ महिने चालते आणि ते काढून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. जूनमध्ये काढाल तर सगळा वेळ पऱ्हे आणि रोवण्यात जाईल. धान कापून झाल्यावर काढा.

आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये निघाली. शाळा सुटलेल्या पोरांना ही वाट आता मोकळी आहे, हे कित्येकांना अजून माहीत नाही. मात्र डॉक्टरचा दाखला लागतोच. रंग ओळखता येत नसतील किंवा नजर कमी असेल तर ते फी भरण्याआधी कळलेले बरे. आधी डोळे, मग शाळा.

आणि प्रत्येकाला हेवी लागतेच असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या चारचाकीच्या लायसनवर चालते, वेगळी नोंद लागत नाही. भाजीपाला, धानाची पोती, शेळ्या नेणारे छोटे पिकअप यातच बसतात. वयाची २० ची अट तेवढी पाळा. स्वतःच्या गावात धंदा करायचा असेल त्याला एवढे पुष्कळ आहे. त्यावरची गाडी, मग ती सहा चाकांची का असेना, बिगर हेवी लायसन चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई मालकाकडून वसूल करते. मालक म्हणजे पुष्कळदा सातबारा असलेला आपलाच माणूस.

आता शाळा. मी बापांना सांगतो, बैल घ्यायला जाता तेव्हा दात पाहता, खूर पाहता, चालवून पाहता. इथे तुम्ही पाटी पाहून पैसे देता. शाळेत गेल्यावर पहिल्यांदा परवाना मागा. तो भिंतीवर लावलेला असला पाहिजे, असा नियमच आहे. त्यावर मुदत पाहा आणि हेवी शिकवायची परवानगी आहे का ते पाहा. दुसरे म्हणजे ट्रक दाखवा म्हणा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे ज्या जातीची गाडी शिकवायची ती शाळेकडे असली पाहिजे, तिचा विमा असला पाहिजे आणि शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक-क्लच असला पाहिजे. "ट्रक बाहेर गेला आहे" असे उत्तर मिळाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. दुसऱ्या दिवशीही बाहेरच असेल तर तो ट्रक भाड्याने माल ओढतो आहे किंवा तो नाहीच.

शिकवणारा कोण, हे विचारायला लाजू नका. नियमाने तो किमान दहावी पास, ५ वर्षे गाडी चालवलेला आणि मोटार मेकॅनिकचा कोर्स केलेला हवा. मला यात चालवण्याच्या अनुभवापेक्षा मेकॅनिकचे ज्ञान मोलाचे वाटते. कारण ट्रक मोठ्या जीपसारखा नसतो. त्याचा ब्रेक हवेवर चालतो. टाकीत हवेचा दाब उतरला की आधी ब्रेक मऊ पडतो, आणि फारच उतरला तर स्प्रिंगचा ब्रेक लागून चाके जाम होतात. भरलेली गाडी उतारावर ब्रेकने नाही, खालच्या गिअरने रोखायची. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारा ड्रायव्हर ब्रेक तापवतो, आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी धरत नाही. वळताना पुढचे चाक रस्त्यावर असते तेव्हा मागचे बांधीत उतरलेले असते. कंडक्टर साइडला दाराखाली उभे राहिलेले पोर ड्रायव्हरला दिसतच नाही. यातले काही शिकवता का, असे मास्तरला विचारा. तो हसला तर पुढची शाळा बघा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तास. मालवाहू गाडीच्या शिक्षणाला नियमाने किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष स्टेअरिंगवर किमान १५ तास धरले आहेत. म्हणजे रोज अर्धा तास. चार पोरे एका गाडीत दोन तास गेली तर प्रत्येकाचा अर्धा तास झाला, दोन तास नाही. याची नोंद ठेवायला पंधरा नंबरचा नमुना असतो. त्यात तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणती गाडी, आणि मास्तरसोबत शिकणाऱ्याचीही सही असते. ही सही रोजच्या रोज करायची. महिनाभराच्या सह्या एका दमात मागितल्या तर देऊ नका. त्या कोऱ्या सह्यांवरच कोरे ड्रायव्हर तयार होतात. मी तर म्हणतो पोराने घरी एका वहीतही लिहून ठेवावे, आपण पाण्याच्या पाळ्या लिहितो तसे.

२०२१ पासून सरकारने मोठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रे काढायची सोय केली आहे. जड गाड्यांसाठी दोन एकर जागा, सहा आठवड्यांत ३८ तास शिक्षण, आणि तिथे पास झालेल्याला आरटीओची वेगळी परीक्षा माफ. अशा केंद्राला फी जास्त पडेल, राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा. तरी ज्याला हाच धंदा आयुष्यभर करायचा आहे त्याने तिकडेच जावे असे माझे मत आहे. मात्र "मान्यताप्राप्त" हा शब्द हल्ली कोणीही पाटीवर लिहितो. खात्री गडचिरोलीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात करा. परराज्यातून लायसन आणून देतो म्हणणारे एजंटही फिरतात. तसले काही हाती पडले असेल तर सारथी या सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून नोंद आहे का ते तपासून घ्या, ग्रामपंचायतीचा ऑपरेटर दोन मिनिटांत करून देईल.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाकडून न्यूक्लिअस बजेटमध्ये वाहनचालक प्रशिक्षणासाठी अर्ज मागवले जातात. जिल्हा पोलिसांच्या दादालोरा खिडकीतून आणि बँकेच्या आरसेटीमार्फत चारचाकीचे फुकट वर्ग झाले आहेत. या सूचना गावात पोचेपर्यंत पुष्कळदा तारीख उलटलेली असते. फलकावर लावा, दवंडी द्या, गटावर टाका. मुलींनाही बोलवा. सुरजागडच्या खाणीत आपल्याच जिल्ह्यातल्या आदिवासी बाया अवजड गाड्या चालवतात. आणि गावातली आठ-दहा पोरे एकत्र जाऊन शाळेशी बोलली तर तासांचा हिशेब लिहून घेता येतो. एकटा बाप पैसे मोजतो आणि पावतीसुद्धा मागत नाही.

पावतीवरून आठवले. फी एकदम भरू नका. तिसरा भाग सुरुवातीला, तिसरा १० तास झाल्यावर, उरलेली लायसनची परीक्षा झाल्यावर, असे पावतीवर लिहून घ्या. जी शाळा याला तयार होईल तिच्याकडे ट्रक असतो, असा माझा अनुभव आहे. वर सांगितलेला तो खलासी पोरगा आता गाडीतल्या वयस्क ड्रायव्हरकडून रिकाम्या तळावर गाडी मागे घ्यायला शिकतो आहे. परवा भेटला. म्हणाला, आरशात मागचे चाक दिसायला लागले, साहेब.