ओरेगॅनोची पुडी आणि परसातला मरवा

रायगडातल्या कर्जत तालुक्यात, नेरळपासून कळंबपर्यंत, फार्महाउसवर येणाऱ्या पाहुण्यांसाठी पिझ्झा-पास्ता सर्रास होतो आणि गावातल्या पोरांनाही त्याची गोडी लागली आहे. त्यावर भुरभुरायचा ओरेगॅनो, बेसिल, थाइमचा ‘इटालियन’ मसाला मात्र पुडीतून नाहीतर बाटलीतूनच येतो. तो घरी करावा, आणि तोही परक्या रोपांच्या मागे न लागता, असं माझं ठाम मत आहे. मरवा, सब्जा आणि ओवा एवढ्यावर काम भागतं. वेणीत माळतात तो मरवा म्हणजेच मार्जोरम, ओरेगॅनोच्याच कुळातला. फालुद्यात ज्याचं बी भिजवून घालतात तो सब्जा आणि इटलीतलं बेसिल ही एकाच जातीची झाडं. थाइमला त्याचा उग्र वास थायमॉलमुळे येतो आणि ते ओव्यात भरपूर असतं. पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीतले कारखाने थायमॉल काढण्यासाठी हिंदुस्थानातून ओवाच नेत असत.

विकतचं सोपं असताना हा खटाटोप कशाला, असं कोणी विचारील. पानाचा एकदा चुरा झाला की ते कोणत्या झाडाचं, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, हे त्याचं पहिलं उत्तर. ब्रिटनमधल्या ‘व्हिच?’ या ग्राहक संस्थेने 2015 मध्ये वाळलेल्या ओरेगॅनोचे 78 नमुने तपासून घेतले, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्यात ऑलिव्ह आणि मर्टलची पानं मिसळलेली निघाली. 2021 मध्ये युरोपीय आयोगाने मसाल्यांची मोठी तपासणी जाहीर केली, तीत ओरेगॅनोचे 48 टक्के नमुने संशयास्पद ठरले. आपल्या दुकानातल्या बाटल्यांबद्दल यावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ज्या मालात भेसळ इतकी सहज लपते, तो आपल्या हातांनी खुडलेल्या पानांचा असावा, ही अपेक्षा रास्तच आहे.

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा. मरव्याला ओरेगॅनोचा तिखट दणका नाही, तो गोडसर आहे, आणि देशी सब्ज्याचा वास बडीशेपेकडे झुकतो, हे खरंच आहे. ती उणीव ओवा भरून काढतो, पण तो चिमटीनेच घालायचा, नाहीतर सगळा पदार्थ ओव्याचाच होऊन बसतो. शिवाय इटलीत घराघरांत एकच ठरलेलं मिश्रण वापरतात असंही नाही; तिथे बेसिल शक्यतो ताजं वापरतात, वाळवून घेतात ते मुख्यतः ओरेगॅनो. हे बाटलीतलं मिश्रण अमेरिकी बाजारात रुळलं. मग आपण आपलं केलं तर कोणती परंपरा मोडते? आणि पानांच्या वासाने अन्न खुलवणं रायगडला कोणी शिकवायला नको. थंडीतली पोपटी आठवा: मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, ओवा आणि जाडं मीठ. वासाची ही जाण इथे मुळातच आहे.

खरी अडचण हवेची आहे, आणि तिच्याकडे काणाडोळा करून चालणार नाही. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात पावसाळ्यात पान वाळवायला गेलं तर बुरशी ठरलेली. म्हणून दिवाळीनंतर, थेट पोपटीच्या दिवसांपर्यंत, कोरडी हवा असते तीच वेळ साधावी. इथे वैशाखातल्या वाळवणाची सवय बाजूला ठेवावी लागते. मिरचीला ऊन हवं; या पानांना कडक ऊन लागलं की त्यांचं सुगंधी तेल उडतं आणि हिरवा रंग करपतो. मरवा फुलावर येण्याआधी सकाळी, दव सुकल्यावर खुडावा आणि सावलीत, वारा खेळेल अशा जागी सुपात पातळ पसरावा. बोटांत चुरल्यावर पान कुरकुरलं पाहिजे; वाकलं तर त्यात ओल आहे. पानओवा घालायचा मोह होईल, वासाने तो ओरेगॅनोच्या फार जवळचा. पण त्याचं मांसल पान चटकन वाळत नाही, काळं पडतं. तो ताजाच चिरून घालावा. सब्जा वाळला की बराच फिका होतो, म्हणून त्याचं प्रमाण सढळ ठेवावं: मरव्याच्या तीन वाट्यांना सब्ज्याच्या दोन आणि भरडलेला ओवा एक लहान चमचा. पानं शक्यतो अख्खीच काचेच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात ठेवावीत आणि लागतील तेव्हाच चुरावीत.

वापरण्याची रीतही बदलायला हवी. पुडीमुळे वरून भुरभुरायची सवय लागली, पण या पानांचं तेल तेलातच उतरतं. लसूण परतताना मंद आचेवर चिमूटभर चुरा टाकावा, मग टोमॅटो. बटाट्याच्या काचऱ्यांत किंवा ओल्या वालांच्या उसळीत तो अजिबात परका वाटत नाही.

एखाद्या बचत गटाने हा मसाला फार्महाउसवाल्यांना विकायचं ठरवलं, तर बरणीवर ‘ओरेगॅनो’ लिहू नये. मरवा, सब्जा, ओवा ही नावं आणि पानं वाळवल्याचा महिना ठळक लिहावा.