अणूच्या विहिरीतील पायऱ्या

अकरावीच्या रसायनशास्त्रातील अणुरचनेचे प्रकरण पुष्कळ घरांत नावडते असते. १एस, २एस, २पी असा इलेक्ट्रॉनांचा जमाखर्च, उणे चिन्हांची ऊर्जा आणि पानभर गणिते! मुले ते पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरून जातात. ‘याचा पुढे उपयोग काय?’ हा त्यांचा प्रश्न मात्र रास्त आहे.

त्याचे एक चांगले उत्तर बंगळुरूमध्ये मिळते. तेथे कोरमंगला भागात भारतीय खगोलभौतिकी संस्था आहे. सूर्याच्या प्रभामंडळाचे, म्हणजेच कोरोनाचे, निरीक्षण करणारे ‘व्हेल्क’ नावाचे उपकरण या संस्थेने तयार केले. २ सप्टेंबर २०२३ रोजी ते आदित्य-एल१ यानातून अवकाशात गेले. या उपकरणाला जो हिरवा प्रकाश टिपायचा होता, त्याचे मूळ समजून घ्यायला अकरावीच्या याच प्रकरणापासून सुरुवात करावी लागते.

आपण पायऱ्यांच्या विहिरीची कल्पना करू. जमिनीची पातळी शून्य धरली, तर खालची प्रत्येक पायरी उणे आकड्याने दाखवावी लागेल. अणुकेंद्राने धरून ठेवलेल्या इलेक्ट्रॉनचे तसेच असते. उणे चिन्हाचा अर्थ एवढाच, की त्याला बाहेर काढायला तेवढी ऊर्जा खर्च करावी लागेल. ही ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्ट या छोट्या एककात मोजतात. हायड्रोजनमध्ये तळाची पायरी उणे १३.६ वर आहे. या आकड्याला पायरीच्या क्रमांकाच्या वर्गाने भागत गेले, की पुढच्या पायऱ्या मिळतात: दुसरी उणे ३.४०, तिसरी उणे १.५१. वर जावे तशा पायऱ्या जवळजवळ येतात. दोन पायऱ्यांच्या मधे इलेक्ट्रॉनला थारा नाही.

तिसऱ्या पायरीवरून तो दुसरीवर उतरला, की ३.४० वजा १.५१, म्हणजे १.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. आता १२४० ला या आकड्याने भागा. उत्तर येते ६५६. ही झाली त्या प्रकाशाची नॅनोमीटरमधील तरंगलांबी आणि तिचा रंग आहे लाल. खग्रास सूर्यग्रहणात चंद्राच्या काळ्या तबकडीभोवती जी लालसर कडा क्षणभर दिसते, ती प्रामुख्याने याच प्रकाशाची असते. एक वजाबाकी, एक भागाकार, आणि सूर्यावर हायड्रोजन असल्याचा पुरावा आपल्या हाती येतो!

स्वयंपाकघरातही हे दिसते. मिठाचे पाणी उतू जाऊन गॅसवर सांडले, की निळी ज्योत पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातील सोडियमचा. त्याची तरंगलांबी सुमारे ५८९ नॅनोमीटर, म्हणून त्या दोन पायऱ्यांतील अंतर १२४० भागिले ५८९, म्हणजे सुमारे २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट.

अणूत इलेक्ट्रॉन अनेक असले, की हिशेब थोडा गुंतागुंतीचा होतो. आतले इलेक्ट्रॉन बाहेरच्यांपुढे पडद्यासारखे आड येतात आणि केंद्राची ओढ कमी भासते. त्यामुळे एकाच क्रमांकाच्या एस, पी आणि डी ऑर्बिटलांची ऊर्जा वेगवेगळी होते. ऑर्बिटल म्हणजे ग्रहासारखी आखीव कक्षा नव्हे, तर इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जेथे अधिक असते तो भाग. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. १एस मध्ये २, २एस मध्ये २, २पी मध्ये ६, ३एस मध्ये २, ३पी मध्ये ६, ४एस मध्ये २ आणि ३डी मध्ये ६. बेरीज करून पाहा.

आता त्या हिरव्या प्रकाशाकडे वळू. ७ ऑगस्ट १८६९ रोजी अमेरिकेत दिसलेल्या खग्रास ग्रहणात चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस यांनी प्रभामंडळाच्या वर्णपटात ५३० नॅनोमीटरच्या आसपास एक हिरवी रेषा पाहिली. ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. तेव्हा ‘कोरोनियम’ नावाचे नवे मूलद्रव्यच कल्पिण्यात आले. कोडे सुटायला सुमारे सत्तर वर्षे लागली. १९३९ मध्ये वाल्टर ग्रोट्रियान यांनी धागा पकडला आणि त्यानंतर काही वर्षांतच स्वीडनच्या बेंग्ट एडलेन यांनी सिद्ध केले, की ही रेषा आपल्या ओळखीच्या लोखंडाचीच आहे. फक्त त्या लोखंडाने आपले १३ इलेक्ट्रॉन गमावलेले आहेत.

वरचा जमाखर्च पुन्हा पाहा. ४एस मधले २, ३डी मधले ६ आणि ३पी मधले ५ गेले, की १३ जातात आणि ३पी मध्ये एकच इलेक्ट्रॉन उरतो. त्याच्या स्वतःच्या फिरकीमुळे त्या पायरीचेही दोन भाग पडतात. त्यांतील सुमारे २.३४ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फरक म्हणजेच तो हिरवा प्रकाश.

पण तेरावा इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ३६१ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. हायड्रोजनच्या मानाने हे २६ पटींहून अधिक झाले. सूर्याच्या पृष्ठभागाचे साडेपाच हजार अंश त्याला पुरणार नाहीत. म्हणजे प्रभामंडळ दहा लाख अंशांहून अधिक तापलेले असले पाहिजे! चुलीपासून दूर जावे आणि झळ वाढावी, असा हा प्रकार आहे. त्याची कारणे शोधणे हे ‘व्हेल्क’च्या कामांपैकी एक आहे.

हे नुसते कुतूहल नव्हे. प्रभामंडळातील उद्रेकांचे धक्के पृथ्वीलाही बसतात. मार्च १९८९ मध्ये अशाच एका सौर वादळाने कॅनडातील क्विबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली आणि साठ लाख लोक अंधारात राहिले. उपग्रहांनाही या वादळांचा धोका असतो.

म्हणून घरातले मूल अणुरचनेची गणिते घेऊन बसले, की त्याला सूत्र पाठ करण्याआधी पायऱ्यांचे चित्र काढायला सांगावे. आकडा कोणत्या पायरीचा, एकक कोणते, ऊर्जा आत गेली की बाहेर पडली, हे तीन प्रश्न त्याने स्वतःला विचारले, की निम्मे गणित सुटते. उरते ती बेरीज-वजाबाकी आणि भागाकार, आणि ते तर त्याला चौथीपासून येतात.