आरसा म्हणजे तिजोरी नव्हे



हिंगणघाटच्या जिनिंगवाल्यांपासून वर्ध्याच्या किराणा दुकानदारांपर्यंत आता बहुतेकांचा हिशेब कॉम्प्युटरवर असतो. बॅकअपचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "आहे ना सर! सर्व्हरला दुसरी डिस्क लावली आहे, शिवाय सगळं आपोआप क्लाउडवर जातं." विकणाऱ्याने सांगितलं, यांनी मानलं. मला हे साफ अमान्य आहे.

दुसरी डिस्क पहिलीची क्षणोक्षणी नक्कल करते. पहिली बिघडली तर ती कामाची, हे कबूल. पण मुनीमजींच्या हातून एखादं खातं पुसलं गेलं, की तिथूनही त्याच क्षणी पुसलं जातं. व्हायरसचंही तेच. आपल्या तोंडाला काळं लागलं तर आरशातलं तोंड गोरं कसं राहणार?

२७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. या कंपनीच्या जाळ्यात कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणारे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवत. एक गेला तर दुसरा आहे, हा भरवसा. सगळे एकदमच गेले! वाचला तो घाना देशातला एकच, कारण वीज गेल्यामुळे तो त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता. वीज जाण्याने कुणाचं भलं झाल्याचं मला ठाऊक असलेलं हे एकमेव उदाहरण! तरीही ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागलेच.

मग निवडायचं काय? वस्तू पाहण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. किती तासांचं काम पुन्हा लिहून काढणं परवडेल? आणि धंदा किती वेळ बंद चालेल? एक दिवस चालत असेल, तर रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. दोन डिस्क आळीपाळीने वापरा, एक दुकानात नको, घरी. क्लाउड घ्यायचाच तर जुन्या तारखांच्या प्रती राखणारा घ्या, पासवर्ड वेगळा ठेवा. तासभरही बंद परवडत नसेल, तर तयार दुसरा सर्व्हर हवाच. पण या प्रतींच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे.

"एवढा खर्च कशाला?" असं म्हणतात. अहो, ऐन कापसाच्या सीझनमध्ये कोणत्या शेतकऱ्याचे किती चुकारे बाकी आहेत हेच हरवलं, तर नुकसान काय तुमचं एकट्याचं होईल?

आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. पेपर न तपासताच पोराला पास करणं आम्हा मास्तरांना कधी चाललं नाही. तुम्हाला कसं चालतं?