टोपीचा घेर, टाक्यांचा हिशेब

परीक्षा संपल्या की घरोघरी प्रश्न पडतो, सुट्टीत मुलांना काय शिकवावे? आमचे उत्तर ठरलेले आहे : क्रोशा. खर्च थोडा, जागा लागत नाही, आणि सुट्टी संपण्याआधी अब्बांच्या किंवा भावाच्या डोक्यावर घरी विणलेली नमाजाची टोपी येते. हे काम फक्त मुलींचे, असे मात्र मानू नये. टाके मोजता येणाऱ्या प्रत्येकाला ते जमते.

सुरुवातीला 4 मिलिमीटरची सुई आणि जाडसर सुती दोरा घ्या. रंग फिकट असावा, काळ्या दोऱ्यात टाके दिसत नाहीत. शिकायचे टाके तीनच.

पहिला टाका साखळी. दोऱ्याची सरकती गाठ सुईवर घ्या. दोरा सुईभोवती घेऊन गाठीतून ओढा, झाली एक साखळी. अशा वीस-पंचवीस साखळ्या सारख्या मापाच्या येईपर्यंत पुढे जाऊ नका.

दुसरा मुका खांब. सुई टाक्यात घाला, दोरा ओढून घ्या. सुईवर दोन फास होतील. पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम ओढा.

तिसरा खांब. यात सुई टाक्यात घालण्याआधीच तिच्यावर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा. दोरा ओढला की सुईवर तीन फास होतात. मग दोरा घेऊन दोन फासांतून, आणि पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोन फासांतून ओढायचा.

आता टोपी. 4 साखळ्या जोडून कडे करा आणि त्यात 12 खांब घाला. सुरुवातीच्या 3 साखळ्या म्हणजे पहिला खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे 24. तिसरीत एकावर एक, पुढच्यावर दोन, म्हणजे 36. अशी प्रत्येक फेरीत 12 खांबांची वाढ ठेवली की चकती सपाट राहते. वाढ जास्त झाली तर कडेला झालरीसारख्या चुण्या पडतात. कमी झाली तर वेळेआधीच वाटीचा आकार येतो. चूक दिसताच ती फेरी उसवा. क्रोशात सुईवर एकच फास उरलेला असतो, त्यामुळे उसवणे सोपे जाते.

वाढ कधी थांबवायची? डोक्याचा घेर मोजा, त्याला 3.14 ने भागा आणि एक सेंटिमीटर कमी करा, कारण विणलेली टोपी थोडी ताणली जाते. घेर 55 सेंटिमीटर असेल तर चकती साडेसोळा सेंटिमीटरची झाली की थांबा. यापुढे खांबावर खांब घालत गेलात की कड आपोआप खाली वळते. वर्तुळाचे सूत्र कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्या मुलाच्या हातात ही चकती द्यावी.

एक हिशेब मात्र आपण सहसा करत नाही. सहाव्या फेरीत 72 खांब होतात, आणि पहिल्या सहा फेऱ्यांचे मिळून 252. त्यापुढे प्रत्येक फेरीला आणखी 72. आणि असे काम करणाऱ्या बाईला आपण म्हणतो, 'रिकाम्या वेळात काहीतरी विणते.'

आंध्र प्रदेशातले नरसापूर क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या कारागीर बायकांवर मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1982 साली पुस्तक लिहिले. त्यांना दिसले ते हेच : लेस परदेशी बाजारात जात होती, पण ती विणणारीला गृहिणीच समजले जाई, कामगार नव्हे. म्हणून तिची मजुरीही नाममात्र राहिली.

घामाची ओल सुकण्याआधी मजुराला मजुरी द्या, ही प्रेषितांची (सल्ल.) शिकवण आपल्या घरात सर्वांना ठाऊक असते. गवंड्याला, हमालाला आपण ती लावतो. घरात बसून टोप्या, रुमाल, तोरणे विणून देणाऱ्या खालालाही ती तितकीच लागू आहे. म्हणून मुलांना टाके शिकवताना एक वहीही द्या. दोरा किती रुपयांचा लागला, किती तास बसावे लागले, हे त्यांनी रोज लिहावे. भेट म्हणून द्यायचे असेल तर खुशीने द्यावे, त्याचे सवाब अल्लाहकडे आहे. पण विकायचे असेल तर तासांची किंमत धरूनच विकावे.

आणि कुणी हातची टोपी विकायला दारी आली, तर घासाघीस करण्याआधी तिच्या एका फेरीतले खांब मोजून पाहा.