सारे एक जूनचे!

आमच्या रत्नागिरीकडे वडीलधाऱ्यांच्या जन्मतारखा पाहाव्यात, तर जो तो १ जूनचा! आई सांगे, “शिमग्यात झाला”. शाळेच्या दप्तराला मात्र तारीख हवी. शाळा जूनमध्ये उघडे, म्हणून मास्तर १ जून लिहून मोकळे होत. त्यामुळेच दरवर्षी ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची गर्दी उडते.

तोच रकाना आता संगणकात शिरला आहे. मास्तरांना आपला अंदाज ठाऊक तरी होता. यंत्राला तो कोण सांगणार? माझे म्हणणे एवढेच, की यंत्रणा आखणाऱ्याने ‘नक्की माहीत नाही’ यालाही जागा ठेवावी. आधारच्या नोंदणीत जन्मतारीख ‘अंदाजे’ लिहिण्याची सोय ठेवली, तशी. अंदाज अंदाज म्हणून लिहिला, तर उद्या सुधारता येतो. तारीख म्हणून लिहिला, की माणसालाच त्याबरहुकूम म्हातारे व्हावे लागते!