दुर्बीण आमची, पत्ता परक्या आरशातून

दौंड-शिरूरच्या विद्यार्थ्याला खोडद दूर नाही. जुन्नर तालुक्यातील या गावाच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. कै. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली. तिच्या सर्वेक्षणातून सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी २०१७ साली प्रसिद्ध झाली. संपत्ती अफाट आहे. प्रश्न आहे तो तिच्या विनियोगाचा.

रेडिओ स्रोत सापडला म्हणजे तो कोठला हे कळले, असे नव्हे. दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवरापासून निघालेले झोत दोन्ही बाजूंस लक्षावधी प्रकाशवर्षे पसरू शकतात. रेडिओ चित्रात ते दोन ढगांसारखे दिसतात; ज्या दीर्घिकेतून ते निघाले, ती मात्र बहुधा त्यांच्या दरम्यान अदृश्य राहते. तिला प्रकाशीय किंवा अवरक्त छायाचित्रात हुडकावे लागते आणि मग वर्णपट घेऊन तिचे अंतर ठरवावे लागते.

२०१८ साली खोडदच्या याच सर्वेक्षणातील एका स्रोताची अशी ओळख पटली. तेव्हाच्या मोजणीनुसार विश्वाचे वय जेमतेम एक अब्ज वर्षे असतानाची ती दीर्घिका, तोवर ज्ञात असलेल्या रेडिओ दीर्घिकांत सर्वांत दूरची ठरली. परंतु तिचा वर्णपट घेतला हवाईतील आठ मीटर व्यासाच्या जेमिनी दुर्बिणीने. आपल्याकडे आंबेगाव तालुक्यातील गिरवलीची दुर्बीण दोन मीटरची, तर उत्तराखंडातील देवस्थळची ३.६ मीटरची. इतक्या मंद प्रकाशासाठी हे आरसे अपुरे पडतात.

अर्थशास्त्रात ज्यांना पूरक वस्तू म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार होय. एकीवर भांडवल ओतून दुसरीकडे पाठ फिरवली, तर पहिलीचाही पुरता लाभ मिळत नाही. ऊस आपल्या शेतात आणि गाळप परमुलखात, ही स्थिती भीमाकाठच्या वाचकांस वेगळी समजावून सांगावयास नको. विज्ञानात सहकार्य भूषणावहच आहे. तथापि ते बरोबरीच्या नात्याचे असावे.

मोठ्या आरशास कोट्यवधी रुपये आणि अनेक वर्षे लागतील. त्याची मागणी शासनाकडे नेटाने झालीच पाहिजे. तोवर स्वस्थ बसण्याचे मात्र कारण नाही. रेडिओ चित्र प्रकाशीय चित्रावर ठेवून मूळ दीर्घिका शोधण्याचे प्राथमिक काम सराव झालेला विद्यार्थीही करू शकतो. २०१३ पासून डॉ. आनंद होता यांच्या ‘रॅड अ‍ॅट होम’ उपक्रमाने हे सिद्ध केले आहे. त्यास लागतो संगणक, चिकाटी आणि मार्गदर्शक प्राध्यापक. यांपैकी तिसऱ्याची जबाबदारी तरी आपण शिक्षकांनी इतरांवर ढकलू नये.