कोंडवाड्यातली जहाजे

आमचे वरूड हे संत्र्यांचे गाव. सातपुड्याच्या पायथ्याशी बसून समुद्राच्या गोष्टी सांगणे काहींना आगाऊपणाचे वाटेल. पण वऱ्हाडाचे आणि समुद्राचे नाते जुने आहे. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा जर्मनी आणि ऑस्ट्रिया ही हिंदी कापसाची मोठी गिऱ्हाइके होती. आगबोट अडली की गाठी अडत, आणि गाठी अडल्या की कास्तकाराचा जीव टांगणीला लागे.

युद्ध पुकारले जाते त्या दिवशी शत्रूच्या काही व्यापारी आगबोटी आपल्या बंदरात उभ्या असतात. माल घेऊन आलेल्या, बेसावध. त्यांचे काय करायचे? हा प्रश्न मी शेजारच्या कायद्याच्या विद्यार्थ्याला घातला. तो तडक म्हणाला, "त्यात विचार कसला, काकाजी? गावले ते आपले!"

मी त्याला कोंडवाड्याची आठवण दिली. दुसऱ्याचे ढोर आपल्या वावरात शिरले तर ते कोंडवाड्यात घालण्याचा हक्क आपल्याला आहे. आपल्या गोठ्यात बांधून घेण्याचा नाही. कोंडणे वेगळे आणि गिळणे वेगळे.

१९०७ च्या हेग येथील करारात जवळजवळ हाच न्याय मांडला आहे. अशा आगबोटीला निघून जायला काही दिवसांची सवलत देणे इष्ट. जिला जाता आले नाही ती जप्त करू नये. युद्ध संपेपर्यंत अडकवून ठेवावी आणि मग परत द्यावी, किंवा मोबदला देऊन वापरावी. शिवाय धरणाऱ्याने स्वतःच निवाडा करायचा नाही. त्यासाठी प्राइझ कोर्ट असते. सप्टेंबर १९१४ मध्ये लंडनच्या अशा कोर्टापुढे कार्डिफ बंदरात सापडलेल्या 'चिली' या जर्मन जहाजाचा खटला आला. युद्धाचा ज्वर चढलेला असतानाही न्यायाधीश सर सॅम्युएल इव्हान्स यांनी ते जप्त केले नाही. पुढील हुकूम होईपर्यंत अडकवून ठेवा, एवढेच सांगितले. पुढे १९२५ साली ब्रिटनने या करारातून अंग काढून घेतले, ही गोष्ट निराळी. आपल्याकडेही प्राइझ कोर्टांसाठी १९७१ साली स्वतंत्र कायदा झाला.

हे झाले लढणाऱ्यांच्या बंदरांचे. पण जहाज तिऱ्हाइताच्या दारी आसऱ्याला गेले तर? त्यासाठी फार लांब जायला नको. गोव्यातले मुरगाव बंदर पाहा.

१९१४ साली काही जर्मन जहाजे तिथे थांबली. गोवा पोर्तुगालचा आणि पोर्तुगाल तटस्थ. पण फेब्रुवारी १९१६ मध्ये, ब्रिटनच्या आग्रहावरून, पोर्तुगालने आपल्या बंदरांतली जर्मन जहाजे ताब्यात घेतली. ९ मार्च १९१६ रोजी जर्मनीने त्याच्याशी युद्ध पुकारले. आसरा देणाऱ्याने कडी लावली आणि तटस्थपणा संपला.

दुसऱ्या महायुद्धात तोच खेळ पुन्हा मांडला गेला. 'एहरेनफेल्स', 'ड्राखेनफेल्स' आणि 'ब्राउनफेल्स' ही तीन जर्मन जहाजे आणि 'अनफोरा' हे इटालियन जहाज मुरगावात पडून होते. 'एहरेनफेल्स'वरच्या बिनतारी यंत्रातून पाणबुड्यांना बातम्या जातात, असा इंग्रजांचा वहीम होता. तो खरा असेल तर जर्मनांनी नियम मोडला. तटस्थ बंदरात असे यंत्र चालवण्यास बंदी आहे. पण ते बंद करण्याचा अधिकार पोर्तुगालचा. इंग्रजांनी तेवढी वाट पाहिली नाही. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्सचे उतारवयाकडे झुकलेले हौशी शिपाई 'फीबी' नावाच्या गाळ वाहणाऱ्या बोटीतून आले आणि 'एहरेनफेल्स'वर चढले. कप्तान मारला गेला. चारही जहाजे त्यांच्याच खलाशांनी पेटवून बुडवली. प्राइझ कोर्टापुढे न्यायला काही उरलेच नाही.

ही हकीकत बरीच वर्षे झाकलेली होती. १९७८ साली जेम्स लीझर यांच्या पुस्तकातून ती गाजली आणि १९८० साली तिच्यावर इंग्रजी चित्रपटही निघाला. पडद्यावर पराक्रम दिसतो, आणि तो होताही. पण यजमानाच्या अंगणात, त्याला न विचारता, पाहुण्यावर घाला घातला गेला, हे टाळ्यांच्या गजरात विसरले जाते.

कायद्याला समुद्रावर भिंती नाहीत, कुंपणही नाही. धरलेली वस्तू आपली नव्हे, आणि तिचा निवाडा आपण एकट्याने करायचा नाही, एवढी लाज लढणाऱ्यांनी बाळगली तरच तो तरतो. ती लाज गेली की कोंडवाड्याचे दार कुणीही रात्री उघडतो, आणि आत मग कुणाचेच ढोर सुरक्षित राहत नाही, आपलेसुद्धा.